वय वाढल्यावर पायांची नखं कोणी कापायची? आपण, घरच्यांनी, पार्लरने की डॉक्टरांनी

आईच्या मोज्याला वाळलेल्या रक्ताचा डाग दिसला म्हणून विचारलं, "कुठे लागलं गं?" ती म्हणाली, "कुठे काय? काहीच नाही." मोजा काढून पाहिलं तर करंगळीची कातडी फाटलेली. दोन दिवसांपूर्वी नखं कापताना ती नेलकटरमध्ये सापडली होती आणि तिला पत्ताच नव्हता. तिला बरीच वर्षं मधुमेह आहे. जखम लहान होती, आठवड्यात भरली. पण दुखलं कसं नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

नखं कोणी कापायची यावर आमच्या घरी तेव्हापासून बराच खल झाला. चारही मार्ग वापरून पाहिले. "साधी नखं तर कापायची आहेत" असं म्हणणाऱ्या प्रत्येकासाठी हे लिहिते आहे, कारण पर्याय निवडताना बहुतेक जण चुकीच्या गोष्टीकडे बघतात. नख किती जाड झालंय किंवा वय किती आहे, यावर फारसं काही ठरत नाही. पायाला स्पर्श कळतो का आणि पायापर्यंत रक्त नीट पोचतं का, यावर जवळजवळ सगळं ठरतं.

आधी ही तपासणी करा

स्पर्शाची तपासणी घरी दोन मिनिटांत होते. ज्यांचे पाय तपासायचे त्यांना डोळे मिटून पडायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशा सहा टोकांना आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद अगदी हलकेच स्पर्श करा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. स्पर्श कळला की त्यांनी "हो" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असं समजून डॉक्टरांकडे जावं. तिथे १० ग्रॅम दाबाच्या बारीक नायलॉन धाग्याने हीच तपासणी नेमकी होते. मधुमेह असेल तर ती वर्षातून एकदा व्हायलाच हवी. मधुमेह नसतानाही बधिरपणा येऊ शकतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे त्याचं एक नेहमीचं कारण.

रक्तपुरवठ्याच्या खुणा डोळ्यांना दिसतात. एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागतो, नडगीवरची कातडी चकचकीत होते, केस झडतात, थोडं चाललं की पोटरी दुखते आणि थांबलं की दुखायची थांबते. अशा पायावरचा साधा ओरखडाही भरायला महिने घेऊ शकतो.

उरलेले प्रश्न साधे आहेत. हात पायापर्यंत पोचतो का? नखाची कड स्पष्ट दिसते का? वाकल्यावर गरगरतं का?

आपली आपण

स्पर्श, रक्तपुरवठा, नजर आणि वाकणं हे सगळं ठीक असेल, तर स्वतः नखं कापण्यासारखं सोयीचं काही नाही. वय ऐंशी असलं तरी. पायाची नखं महिन्याला सुमारे दीड मिलिमीटर वाढतात, हाताच्या नखांच्या निम्म्याने, आणि वयानुसार हा वेग आणखी मंदावतो. त्यामुळे हे काम दर आठवड्याला करावं लागत नाही.

इथे चूक होते ती अवजारात. हाताच्या नखांचं छोटं गोलाकार नेलकटर जाड नखावर चालवलं की नख चिरतं किंवा नेलकटर सटकतं. त्याऐवजी पक्कडीसारखा, सरळ पात्याचा नेल निपर घ्यावा. आंघोळीनंतर नख मऊ असताना, एका दमात न कापता कडेपासून थोडं थोडं, सरळ रेषेत कापावं. बोटाच्या टोकाच्या आत जाऊ नये. कोपरे खोल कोरू नयेत. तिथे राहिलेलं टोकदार कुसळच पुढे मांसात रुततं. रुतणाऱ्या नखाला मधोमध इंग्रजी व्हीसारखी खाच पाडली की कडा वर येतात, ही समजूत खोटी आहे. नख मुळापासून पुढे सरकतं, मधल्या खाचेकडे ओढलं जात नाही.

हात थोडा थरथरत असेल तर कापणं सोडून फाइल वापरावी. आठवड्यातून एकदा घासलं तर नख कापण्याइतकं वाढतच नाही, आणि फाइलच्या हातून चूक झाली तरी ती लहान असते. घरी कापणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच असतो.

घरच्या माणसाने

या पर्यायाला कुणी फारसं मोजत नाही, पण मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. नखं कापणारा माणूस पायसुद्धा बघतो. बोटांच्या बेचकीत चिखल्या झाल्यात का, टाचेची भेग खोल गेली का, चपलेचा पट्टा कुठे घासतोय, हे ज्याचा पाय असतो त्याला वाकून दिसत नाही.

अडचण दोन्हीकडच्या संकोचाची असते. म्हाताऱ्या माणसाला आपले पाय दुसऱ्याच्या हातात द्यायला अवघडल्यासारखं होतं आणि कापणाऱ्याला इजा करण्याची भीती वाटते. आम्ही नखांचं नाव न काढता आधी पायाला क्रीम लावण्यापासून सुरुवात केली; महिन्याभरात फाइलही हातात आली. उजेड भरपूर हवा. पाय आपल्या मांडीवर आणि दोघांचं तोंड एकाच दिशेला असं बसलं की स्वतःची नखं कापतो तसा हात चालतो.

पाय बधिर असेल तर घरच्यांनीही फक्त फाइल वापरावी. "दुखलं का?" या प्रश्नाला अशा पायाकडून खरं उत्तर मिळत नाही.

पार्लरमध्ये

पाय निरोगी असतील आणि पाय चोळून घेऊन बरं वाटावं एवढीच इच्छा असेल, तर जावं. पण तिथे त्वचेची निगा होते, तपासणी होत नाही, आणि काही गोष्टी स्पष्ट शब्दांत नाकाराव्या लागतात. टाचेवर पातं चालवू देऊ नये. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी कापू देऊ नये, कारण जंतूंना अडवणारी तीच कड असते. अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, निर्जंतुक होतात का ते विचारावं. नुसत्या निळ्या दिव्याच्या डब्यात ठेवलेली अवजारं निर्जंतुक झाली असं धरून चालू नये.

खळाळत्या पाण्याचे टब हा वेगळा धोका. २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनमध्ये शंभराहून जास्त ग्राहकांच्या पायांना मायकोबॅक्टेरियमचे चिवट गळू झाले. टबाच्या जाळीमागे साचलेल्या केसांत आणि कातडीत ते जंतू वाढले होते. पेडिक्युअरआधी पायांवर रेझर फिरवून आलेल्यांना धोका जास्त होता. त्यामुळे जायचंच असेल तर आधी पायांवरचे केस काढू नयेत आणि साध्या, धुतलेल्या टबात पाय ठेवावेत.

पाय बधिर असतील, रक्तपुरवठा कमी असेल किंवा एखादी जखम असेल तर पार्लर नको. इथे माझं मत ठाम आहे.

पोडिएट्रिस्ट किंवा डॉक्टर

पोडिएट्रिस्ट म्हणजे पायांचे तज्ज्ञ; ते सगळीकडे नसतात. तिथे त्वचारोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक किंवा मधुमेही पायांचा दवाखाना हे काम करतात. मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं जाड नख घरी कुणीच कापू नये. तज्ज्ञ ते छोट्या यंत्राने घासून पातळ करतात. वारंवार रुतणाऱ्या नखाची फक्त रुतणारी कड, जागा बधिर करून, काढता येते आणि तिच्या मुळाला फिनॉल हे रसायन लावलं की ती कड सहसा पुन्हा उगवत नाही. वर्षानुवर्षं दर महिन्याला कोपरा कोरत बसण्यापेक्षा हा उपाय कितीतरी बरा.

तोटा म्हणजे जाणं-येणं, खर्च आणि थांबणं. पण नखांची वाढ मंद असल्याने दोन-तीन महिन्यांतून एक फेरी बहुतेकांना पुरते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पोचल्याबरोबर सांगावं.

नख पिवळं, जाड झालं असेल तर

इथे घाई नडते. असं नख म्हणजे बुरशीच, असं धरून औषध सुरू केलं जातं. प्रत्यक्षात बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी असते. बाकीची वयाने, बुटाच्या दाबाने किंवा सोरायसिसने बदललेली असतात, आणि त्यांना बुरशीचं औषध कितीही लावलं तरी उपयोग शून्य. म्हणून आधी नखाचा तुकडा तपासायला द्यावा.

बुरशी निघालीच तर तीन रस्ते आहेत. टर्बिनाफिनची गोळी, रोज २५० मिलिग्रॅम १२ आठवडे, हा सर्वांत परिणामकारक उपाय. तरी नख पूर्ण स्वच्छ होण्याचं प्रमाण चाचण्यांमध्ये ३८ टक्क्यांच्या आसपास होतं. त्याआधी यकृताची तपासणी लागते आणि चालू असलेल्या इतर गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्या लागतात. नखावर लावायचं औषध सुरक्षित, पण सोशिकपणाची परीक्षा बघणारं. एफिनाकोनाझोल रोज ४८ आठवडे लावूनही पूर्ण बरं होण्याचं प्रमाण १५ ते १८ टक्के होतं. तिसरा रस्ता म्हणजे काहीच न करता नख पातळ ठेवणं. पाच-सहा गोळ्या आधीच चालू असलेल्या, दुखत-खुपत नसलेल्या माणसासाठी हा निर्णयही शहाणपणाचा असतो. मधुमेह असेल तर मात्र उपचाराकडे कल असावा, कारण जाड नखाखाली दाबाने जखम होते आणि ती दिसत नाही. कुठलाही रस्ता घेतला तरी अंगठ्याचं नवं नख पूर्ण यायला १२ ते १८ महिने लागतात. दोन महिन्यांत फरक नाही म्हणून औषध सोडू नये.

टाचा आणि कुरूप

कोरड्या टाचांना व्हॅसलीन लावावी की युरियाचं क्रीम? व्हॅसलीन असलेला ओलावा धरून ठेवते. युरिया १० टक्के असेल तर ओलावा देतो, २० ते २५ टक्के असेल तर जाड कातडी मऊ करून सुटी करतो. भेगाळलेल्या टाचेला मी रात्री युरियाच निवडेन, मात्र भेगेतून रक्त येत असेल तर ती भरेपर्यंत व्हॅसलीन. दोन्ही बोटांच्या बेचकीत लावू नयेत. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात.

कुरुपाच्या पट्ट्यांत सॅलिसिलिक ॲसिड असतं, बहुतेक वेळा ४० टक्के. ते कुरूप आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही. बधिर पायावर अशी पट्टी लावली की खाली भाजल्यासारखी जखम होते आणि कळत नाही. वज्रीने हलकं घासावं आणि जिथे दाब येतो ती चप्पल बदलावी. दाब राहिला तर कुरूप परत येणारच. नवी पादत्राणं संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, मापून घ्यावीत. वयाबरोबर पाय रुंद होतो आणि तळव्याखालची चरबीची गादी विरळ होते, म्हणून जुनं माप डोळे झाकून मागू नये.

बोट लाल होऊन ठणकू लागलं, पू आला, कातडी काळी पडली किंवा बधिर पायावर कसलीही जखम दिसली, तर पर्यायांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. नखाखाली नवी काळी रेघ आली आणि ती नखाबरोबर पुढे सरकत नसेल, तर तीही लवकर दाखवावी. तिथे मेलेनोमा हा कॅन्सर होऊ शकतो.

आईचं आमच्याकडे असं ठरलं आहे. दर अडीच महिन्यांनी तज्ज्ञांकडे नखं कापायची. मधल्या काळात दर रविवारी मी फाइल फिरवते, क्रीम लावते आणि तळवे बघते. महिन्यातून एकदा ती डोळे मिटून पडते आणि मी सहा बोटांना हात लावते. गेल्या वेळी डाव्या करंगळीला स्पर्श केला तेव्हा तिचं "हो" जरा उशिरा आलं. तज्ज्ञांची पुढची तारीख आम्ही अलीकडे ओढून घेतली आहे.