कोर्सेअर सीएक्स ५५० एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा): नऊ महिने वापरल्यानंतर

लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग मी घरूनच करतो. एक्सपोर्टला, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची फाइल तयार व्हायला, फार वेळ लागायला लागला म्हणून जुनं जीटीएक्स १०५० टीआय काढून आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड घेतलं. पहिल्याच रात्री एक्सपोर्ट अर्ध्यावर असताना पीसी खटकन बंद होऊन पुन्हा सुरू झाला. ना निळी स्क्रीन, ना एरर. विंडोज नव्याने टाकलं, ड्रायव्हर बदलले, रॅम काढून पुसून लावली. दुरुस्तीवाला म्हणाला, कार्डच खराब आहे. यात दोन आठवडे गेले आणि एका कुटुंबाला व्हिडिओ उशिरा मिळेल असं कळवावं लागलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुखणं होतं एसएमपीएसचं. कॅबिनेटसोबत आलेला, स्टिकरवर ठळक ४५० वॅट. पण त्याच स्टिकरवरच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर लिहिलं होतं १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट! प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. माझा प्रोसेसर रायझन ५ ३६०० आहे ६५ वॅटचा आणि जुनं कार्ड ७५ चं, त्यामुळे इतकी वर्षं निभावून गेलं. नवं कार्ड एकटंच १३२ वॅटचं. शिवाय जुन्या एसएमपीएसला कार्डासाठीचा आठ पिनचा प्लग नव्हता, म्हणून मी मोलेक्सचा (जुन्या हार्ड डिस्कच्या चार पिनच्या प्लगचा) कन्व्हर्टर लावला होता. तो काढला तेव्हा पांढऱ्या प्लगची पिवळ्या वायरीकडची कड तपकिरी झाली होती आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता. कृपा करून हा कन्व्हर्टर कोणी वापरू नका. मल्टिमीटर लावून पाहिलं, तर एक्सपोर्ट सुरू होताच पिवळ्या वायरीवरचे १२ व्होल्ट ११.२ वर आले. तशा जुन्या एसएमपीएसना लागू असलेल्या एटीएक्स या मानकाप्रमाणे ते ११.४ च्या खाली जायला नकोत.

मग मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानात ७५० वॅटचा घ्या म्हणून आग्रह झाला. पण माझा पीसी भरात असताना अडीचशे-पावणेतीनशे वॅट घेणार, म्हणजे ५५० च्या साधारण निम्मे, आणि सीएक्स ५५० ला असलेल्या ८० प्लस ब्रॉन्झ या दर्जाची कार्यक्षमता (घेतलेल्या विजेतली किती वाया न जाता पीसीला मिळते ती) निम्म्या भारालाच सर्वांत चांगली, किमान ८५ टक्के असते. जास्तीचे पैसे कशाला घालायचे? सीएक्स ५५० च्या तक्त्यात जवळजवळ सगळे ५५० वॅट १२ व्होल्टवर दिलेले आहेत. पाच वर्षांची वॉरंटी. साडेचार हजारांच्या आत आला, पक्कं बिल घेतलं. हातात घेतल्याबरोबर वजनातला फरक कळतो.

नऊ महिन्यांत एकदाही पीसी आपोआप बंद पडलेला नाही. मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत सलग सहा तास एक्सपोर्ट चालला तरी १२ व्होल्टची लाइन ११.९ च्या खाली गेली नाही. पंख्याचा आवाज कार्डाच्या आवाजात मिसळून जातो, वेगळा येत नाही. केबल सुट्या होत नाहीत, त्यामुळे उरलेल्यांची जुडी खाली हार्ड डिस्कच्या जागी कोंबावी लागते. माझं कॅबिनेट मोठं आहे, लहान असेल तर आधी विचार करा.

यूपीएसचंही बघून घ्या. माझा ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॅटचा. वीज गेली की मॉनिटरसकट चार-पाच मिनिटं मिळतात, तेवढ्यात काम सेव्ह करून बंद करतो. या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे वीज नीट, एकसारखी ओढणारं सर्किट आहे. काही स्वस्त यूपीएसशी अशा एसएमपीएसचं जुळत नाही, म्हणून वीज असतानाच यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून एकदा तपासून पाहा. माझ्याकडे सुदैवाने जमलं.

जुना एसएमपीएस अजून चालू होतो. मेहुण्यांनी मुलाच्या पीसीसाठी मागितला होता. म्हटलं, "भाऊजी, हा नको, त्याच्या पीसीला काय लागतं ते मी बसून काढून देतो." वायरी कापून तो ई-कचऱ्यात दिला.