लाकडी स्लीपर रंगवायचे कशाने : स्टेन, शाई, की व्हिनेगर-खिळे?

मॉडेल रेल्वेचे रूळ हाताने बसवायला घेतलेत, म्हणजे तुमचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) दुकानात तयार मिळत नसणार. एचओ या मॉडेलच्या प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, आपला १६७६ मिमीचा ब्रॉडगेज १९.३ मिमी भरतो, आणि नेहमीचा तयार ट्रॅक असतो १६.५ मिमीचा. खरा स्लीपर, म्हणजे रुळांखालचा आडवा लाकडी ठोकळा, २७५ × २५ × १३ सेंमी; आपला ३१.६ × २.९ × १.५ मिमी. मीटरगेजला काडेपेटीची काडीही जवळपास चालून जाते.

रंग निवडण्याआधी एक ठरवा: स्लीपर चिकटवल्यावर वरून पॉलिशपेपर मारणार आहात का? मारावाच लागतो, नाहीतर रूळ एका स्लीपरवर टेकतो आणि पुढच्यावर अधांतरी राहतो. पण पेपर मारला की वरचा रंग गेलाच. म्हणजे जागेवर पुन्हा लावता येईल असाच रंग हवा. उलट, सगळं काम नंतरवर ढकललं तर जिथे फेव्हिकॉल ओघळलाय तिथे रंग शिरत नाही आणि पांढुरके डाग उरतात. म्हणून आधी एक हात, घासून झाल्यावर दुसरा.

व्हिनेगर-खिळ्यांचं पाणी सर्वात स्वस्त, आणि जमलं तर सर्वात देखणं. खिळे आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवायचे. बाटलीचं झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो. घरची तारेची घासणी टाकू नका, ती बहुधा स्टेनलेस असते आणि तशीच चकचकीत राहते. हे पाणी लाकडातल्या टॅनिनशी (चहाला तुरटपणा देणारं द्रव्य) मिळून करडं-काळं होतं, अगदी वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या स्लीपरसारखं. काडेपेटीच्या पांढऱ्या लाकडात टॅनिन जेमतेम, म्हणून आधी कडक कोऱ्या चहात बुडवावं लागतं. (दूध-साखरेचा उरलेला चहा नको, हसू नका, मी करून बघितलंय.) पण दोनदा पाणी पिऊन दीड मिमीचं लाकूड वाकतं. माझ्या पहिल्या पन्नासातले निम्मे धनुकलीसारखे झाले. पुढच्या खेपेला ओले असतानाच दोन फरश्यांमध्ये दाबून वाळवले. शिवाय आम्ल उरलं तर रूळ धरणाऱ्या लोखंडी खिळ्या गंजतात, त्यामुळे रूळ बसल्यावर हा उपाय बाद.

स्पिरिटमध्ये कालवलेली काळी ड्रॉइंगची शाई मला जास्त भरवशाची वाटते. पाव लिटर स्पिरिटला चमचाभर शाईने सुरुवात करा. लाकूड फारसं फुगत नाही, मिनिटांत वाळतं, रेषा दिसत राहतात, आणि घासल्यावर ब्रशने पुन्हा मारता येतं. हात मात्र हलका ठेवा, स्पिरिटने फेव्हिकॉल मऊ पडतो. शाईतली काजळी खाली बसते, म्हणून दर वेळी बाटली हलवा. फाउंटन पेनची शाई घेऊ नका, उन्हात विटते. उणीव एकच: एकट्या शाईचा रंग थंड, निळसर करडा येतो.

ती उणीव वुड स्टेन भरून काढतो. गडद अक्रोडी छटा घेतली तर नुकत्याच क्रिओसोट (लाकूड टिकवणारं डांबरी तेल) पाजलेल्या स्लीपरचा काळपट तपकिरी रंग साधतो. नुसता स्टेन लावला तर सगळे स्लीपर एकाच साच्यातले दिसतात, आणि जुन्या साइडिंगवर (मुख्य मार्गाच्या बाजूचा रूळ) तसं कधीच नसतं.

अ‍ॅक्रिलिकने लाकडाच्या रेषा बुजतात. मग लाकूड वापरलंच कशाला?

मी सांगेन, आधी पातळ स्टेन, घासून झाल्यावर शाई, आणि दर सात-आठ स्लीपरमागे एकाला शाईचा जादा हात. व्हिनेगर फक्त जुनं, पडीक यार्ड करायचं असेल तर, तेही चिकटवण्याआधी. सांध्यांपाशी तांब्याचा थर असलेले स्लीपर झाळण्यासाठी वापरत असाल, तर त्यांच्यावर यातलं काहीच धरणार नाही. तिथे प्रायमर आणि अ‍ॅक्रिलिकच. छटा जुळवताना शेजारचा लाकडी स्लीपर पूर्ण वाळू द्या. ओला असताना तो बराच गडद दिसतो.