वर्षाचे पैसे आधी भरायचे की वापरू तसं बिल? स्वस्त व्हीपीएसचा दुसऱ्या वर्षापासूनचा हिशेब

हरमल-मांद्र्याच्या होमस्टेची बुकिंग साइट असो, म्हापशातल्या दुकानाचं ऑनलाइन ऑर्डरचं पान असो की फोंड्याकडच्या देवस्थानाची साइट, शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) अपुरं पडू लागलं की दोन वाटा समोर येतात. एक, छोट्या कंपनीचा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या मशीनचा तुमच्यासाठी वेगळा काढलेला आभासी सर्व्हर, वर्षाचे पैसे एकदम भरून अगदी स्वस्तात. दुसरी, डिजिटलओशन, लिनोड किंवा व्हल्टरसारख्यांचा, जितका वापर तितकं बिल. पहिल्या महिन्यात दोन्ही सुरेख चालतात. फरक दुसऱ्या वर्षी दिसतो, म्हणून तुलना तिथूनच केलेली बरी.

सगळ्यात मोठा फरक शेजाऱ्यांचा. स्वस्त वार्षिक योजनेत एका मशीनवर क्षमतेपेक्षा जास्त ग्राहक बसवलेले असू शकतात. मशीन नवं असतं तेव्हा ते निम्मं रिकामं असतं, भरत गेलं की तुमचा वाटा आकसतो. हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. सर्व्हरवर ‘टॉप’ किंवा ‘व्हीएमस्टॅट’ ही आज्ञा चालवून ‘एसटी’चा (स्टील, म्हणजे चोरलेला वेळ) आकडा बघा: तुमच्या वाट्याचा प्रोसेसर दुसऱ्याने किती टक्के वेळ अडवला, ते तो सांगतो. एखाद-दुसरा टक्का चालतो. रोज रात्री आठ ते अकरा तो १० च्या वर राहत असेल, तर सपोर्टला तिकीट टाकून दुसऱ्या नोडवर (मूळ मशीनवर) हलवायला सांगा. एकदा बघून काही कळत नाही. ‘सिसस्टॅट’ हे मोजमापाचं साधन बसवून चालू करा, ते दर १० मिनिटांनी नोंद ठेवतं, आणि आठवडाभराची नोंद तिकिटाला जोडली की उत्तर टाळता येत नाही.

मात्र हा आकडा केव्हीएमसारख्या पद्धतीतच विश्वासाचा, जिथे प्रत्येक आभासी सर्व्हरला स्वतःचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) असतो. ओपनव्हीझेड या दुसऱ्या पद्धतीत कर्नल सगळ्यांचा एकच असतो, तिथे ‘एसटी’ शून्य दाखवूनही मशीन रांगत असतं. शिवाय तिथे स्वतःची स्वॅप फाइल (मेमरी संपली की तिच्याऐवजी वापरायची डिस्कवरची जागा) लावता येत नाही आणि डॉकर (अ‍ॅप्स वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं साधन) अनेकदा अडतं. जाहिरातीत केव्हीएम लिहिलेलं नसेल तर पैसे भरण्याआधी विचारा, घेतल्यावर ‘सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ ही आज्ञा चालवून खात्री करा.

स्वॅपचा मुद्दा छोटा वाटतो, पण १ जीबी मेमरीत वर्डप्रेस चालवणाऱ्याला तोच नडतो. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची एकेक प्रक्रिया ५० ते ८० एमबी खाते. डिसेंबरात एकदम वीसजण साइटवर आले की मेमरी संपते, कर्नल सगळ्यात मोठी प्रक्रिया मारतो, आणि ती बहुधा मारियाडीबी, म्हणजे साइटचा डेटाबेस, असते. पाहुण्याला ‘डेटाबेस कनेक्शन’ची चूक दिसते आणि मालक होस्टिंगवाल्याला दोष देतो. पीएचपी चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएममध्ये कमाल प्रक्रिया ५ वर आणा, १ जीबी स्वॅप लावा, पानं कॅश करा (तयार करून साठवून ठेवा). एवढ्यावर ही तक्रार बहुतेक वेळा मिटते.

गोव्याच्या धंद्याला दुसरी वाट शोभते ती सीझनमुळे. ऑक्टोबर ते मार्च गर्दी, पावसाळ्यात शुकशुकाट. बिल वापरानुसार असेल आणि योजना खाली उतरवायची सोय असेल तर ऑक्टोबरात मेमरी वाढवायची, जूनमध्ये परत उतरवायची. एक पथ्य मात्र पाळा: वाढवताना फक्त प्रोसेसर आणि मेमरी वाढवा, डिस्क नको. डिजिटलओशनवर वाढवलेली डिस्क पुन्हा लहान होत नाही आणि खालच्या योजनेवर येणं बंद होतं. आणि सर्व्हर नुसता बंद करून ठेवला तरी डिजिटलओशनवर बिल चालूच राहतं. ते थांबवायचं तर स्नॅपशॉट (सर्व्हरची जशीच्या तशी प्रत) घेऊन सर्व्हर काढून टाकावा लागतो.

खर्चात वार्षिक योजना पुढे आहे, ते मान्य करायलाच हवं. पण हिशेब पूर्ण मांडा: नूतनीकरणाचा दर पहिल्या वर्षाइतकाच आहे का, १८ टक्के जीएसटी धरला का, परदेशी चलनावर कार्डाचं शुल्क किती, बॅकअप आत आहे की वेगळा. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या (कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानगीच्या) नियमामुळे परदेशी कंपन्यांच्या कित्येक आपोआप वसुल्या फसतात. बिल थकलं की सर्व्हर बंद होतो, आणि काही दिवसांनी पुसलाही जातो. सोय असेल तिथे दोन-तीन महिन्यांचे पैसे खात्यात आधीच ठेवा.

अंतराचा विचार पाहुण्यांवरून करा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. जर्मनी गोव्याहून साडेसहा हजार किलोमीटरपेक्षा लांब, म्हणजे जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद तर लागणारच, आणि केबलच्या वळशांमुळे प्रत्यक्षात त्याच्या दुपटीच्या आसपास. रोज पणजीतून वापरायचं बिलिंग असेल तर मुंबई किंवा बेंगळूरूच घ्या. ग्राहक युरोपातले असतील तर स्वस्त जर्मन सर्व्हर उलट सोयीचा. ईमेल मात्र कुठल्याच स्वस्त व्हीपीएसवरून पाठवू नका: ईमेल पाठवायचा मार्ग, पोर्ट २५, बहुधा बंद असतो, आणि उघडा असला तरी आधीच्या भाडेकरूने सर्व्हरच्या आयपी पत्त्याचं नाव खराब केलेलं असू शकतं.

बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात हवा. १० मार्च २०२१ ला फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमधल्या ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण जळाली, आणि ज्यांचा बॅकअप तिथेच होता त्यांचं सगळं गेलं. ‘रेस्टिक’ या बॅकअपच्या साधनाने रोज रात्री डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) बाहेर पाठवा आणि तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या सर्व्हरवर उतरवून बघा.

आमचं मत असं: चाचणीचा किंवा बॅकअप ठेवायचा सर्व्हर वार्षिक स्वस्तात घ्या, पैसे आणणारी साइट वापरू तसं बिल देणाऱ्याकडे ठेवा. वार्षिकवरच मुख्य साइट ठेवायची असेल तर पहिला महिना मासिक दराने घेऊन मोजमाप करा. डोमेन कधीही त्याच कंपनीकडे घेऊ नका. हलायची वेळ आली तर दोन दिवस आधी डीएनएसचा (डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत, ३०० सेकंदांवर आणा, ‘आरसिंक’ या साधनाने फाइली न्या, जुन्या साइटवरचं बुकिंग थांबवून मगच शेवटचा डंप घ्या, आणि जुना सर्व्हर आणखी आठवडाभर चालू ठेवा.