पिवळा नकाशा आणि सामाईक सातबारा

शहराच्या हद्दीला लागून 'एनए प्लॉट' (अकृषिक, म्हणजे बिगरशेती) म्हणून गुंठ्यावर जमीन विकतात, त्यात आम्हा बऱ्याच जणांचे पैसे अडकलेत. कसं गंडवलं ते लिहितोय, कारण हीच टोळी आता पलीकडच्या गावात दुसरा गट विकतेय.

साइट ऑफिसच्या टेबलावर विकास आराखड्याचा लॅमिनेट केलेला नकाशा होता. आमचा गट पिवळ्या रंगात, म्हणजे रहिवासी विभागात, त्याभोवती लाल पेनाने गोल. नकाशा बनावट नव्हता, पण तो प्रारूप आराखड्याचा होता. हरकती-सूचना होऊन शासनाची मंजुरी मिळेपर्यंत त्यातले रंग बदलू शकतात. 'प्रारूप' असं छापलेला कोपरा लॅमिनेशन करताना नेमका कापला गेला होता! नगररचना कार्यालयातून गट नंबर देऊन झोन दाखला काढला, तर 'शेती व ना विकास विभाग'. भाग नकाशात एका कडेने डीपी रोडही, म्हणजे आराखड्यातला नियोजित रस्ता, गेलेला.

खरी मेख खरेदीखतात होती. शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडण्याला आळा घालणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीच्या एक-दोन गुंठ्यांचं खरेदीखत नोंदवून मिळत नव्हतं, म्हणून एकमेकांची ओळखही नसलेल्या लोकांची नावं घालून सामाईक खरेदी केली. सातबाऱ्यावर नावांची रांग, क्षेत्र मात्र एकच. कुणाचा तुकडा कुठला, हे फक्त त्यांच्या झेरॉक्स लेआउटवर, आणि त्यावर कुठल्याच कार्यालयाचा शिक्का नाही. पोटहिश्श्याची, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याची वेगळी, मोजणी करायची तर सगळ्यांची संमती हवी, आणि आमच्यातले काही जण फोनच उचलत नाहीत. बँकेचा वकील मंजूर रेखांकन आणि अकृषिक आदेश मागतो. एकाने पत्र्याची खोली टाकली, त्याला अनधिकृत बांधकामाची नोटीस आली.

आणखी एक खूण सांगतो. नोंदणीआधी एजंटने प्रत्येकाकडे शेतकरी असल्याचा पुरावा मागितला. 'फॉर्मॅलिटी आहे हो साहेब,' म्हणाला. ज्यांच्याकडे नव्हता त्यांची 'व्यवस्था' त्यानेच केली, तो घोळ वेगळाच. जमीन खरंच एनए असती तर हा पुरावा लागलाच नसता. एनए प्लॉट म्हणून दाखवून कुणी शेतकरी दाखला मागायला लागला, की तिथूनच उठा. महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांकही विचारा: ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेत आठाहून जास्त प्लॉट पाडून विकायचे, तर तो लागतोच. आम्हाला 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच ऐकवलं गेलं.

आता पोलिसांत अर्ज दिलाय. समोरच्या वकिलाचं उत्तर असं, की आमच्या अशिलाने प्लॉट विकलेच नाहीत, खरेदीखत वाचा, त्यात शेतजमीन म्हटलंय. ब्रोशरवर क्लबहाउस, बाग, जॉगिंग ट्रॅक सगळं आहे. विकणाऱ्याचं नाव तेवढं नाही. आणि 'डेव्हलपमेंट चार्जेस' म्हणून जी रोकड घेतली, तिची पावती कुणाकडेच नाही.