समीकरण लॉगरमध्ये घालावे की कच्ची नोंद ठेवावी?

सेन्सरचा सिग्नल डेटा लॉगरमध्येच (नोंदी ठरावीक वेळाने आपोआप साठवणाऱ्या उपकरणात) मीटर किंवा अंशांत बदलून साठवावा, की मिलिअँपिअर आणि ओहम तसेच ठेवून नंतर स्प्रेडशीटमध्ये हिशेब करावा? मी काही वर्षे पहिल्या पद्धतीने काम केले. आता शक्य तिथे दुसरी वापरतो.

पहिल्या पद्धतीची सोय मोठी आहे. टेपने मोजलेली पाण्याची पातळी पडद्यावरच्या आकड्याशी जागेवरच ताडून पाहता येते, आणि त्या आकड्यावर अलार्म किंवा पंप चालणार असेल तर ही सोय सोडवत नाही. थर्मिस्टरसाठी, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणाऱ्या सेन्सरसाठी, आणखी एक कारण आहे. रोध आणि तापमान यांचे नाते सरळ रेषेचे नसल्यामुळे, तासाभराच्या रोधांची सरासरी काढून मग रोधावरून तापमान देणारे स्टाइनहार्ट-हार्ट समीकरण लावले, तर उत्तर प्रत्येक नोंद आधी बदलून काढलेल्या सरासरीशी जुळत नाही.

माझे मत बदलले ते एका विहिरीवर. पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर १० मीटर पल्ल्याचा, ४ ते २० मिलिअँपिअरचा होता, म्हणजे शून्य पातळीला ४ आणि १० मीटरला २० मिलिअँपिअर करंट देणारा. करंटमधून ४ वजा करून ०.६२५ ने गुणायचे, एवढेच समीकरण. आलेख नीटनेटका दिसावा म्हणून उणे उत्तराऐवजी शून्य लिहावे, अशी अट मी त्यात घातली होती. पुढे केबल तुटली आणि करंट शून्यावर गेला. एरवी उणे २.५ मीटर हा अशक्य आकडा डोळ्यांत भरला असता. फाइलमध्ये मात्र ०.०० आला, आणि पातळी आधीपासूनच उतरत असल्याने विहीर आटली असे मी धरून चाललो. कच्च्या नोंदीत ४.० म्हणजे सेन्सर पाण्याबाहेर, ३.८ म्हणजे बहुधा सेन्सरचे शून्य ४ वरून सरकलेले, आणि ०.० म्हणजे तार तुटलेली, हे वेगवेगळे दिसते. माझ्या फाइलमध्ये तिन्हींचा एकच आकडा झाला होता आणि तो उलटा सोडवण्याचा मार्ग नव्हता.

दोष अटीचा होता, पद्धतीचा नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. शिवाय कच्च्या नोंदीलाही शिस्त लागते: कोणता सेन्सर कोणत्या तारखेला बसवला आणि त्याचे कॅलिब्रेशन गुणांक (सिग्नलवरून माप काढण्याचे आकडे) कोणते, ही नोंदवही हरवली तर मिलिअँपिअरच्या रकान्याला अर्थ उरत नाही. तरीही चुकीचा गुणांक नंतर दुरुस्त करता येतो. मेमरी पुरत असेल तर दोन्ही रकाने ठेवावेत. एकच ठेवायचा असेल, तर सरासरी न काढलेला कच्चा रकाना मी ठेवीन.