स्वयंसेवी मार्गदर्शक लाभलेला रोबोटिक्स संघ : एका पालकाचा अभिप्राय

माझी मुलगी ज्या विद्यार्थी रोबोटिक्स संघात आहे, त्या संघाला गेल्या हंगामात एका स्वयंसेवी मार्गदर्शक मॅडमची साथ मिळाली. त्या व्यवसायाने अभियंता आहेत आणि नोकरी सांभाळून, मानधन न घेता, संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी मुलांसाठी येतात. विनामूल्य मिळणाऱ्या मदतीचे गुणदोष काय काढायचे, असे काही पालकांना वाटते. मला ते पटत नाही. मुलांचे वर्षभराचे कष्ट ज्यांच्या हाती सोपवायचे, त्यांच्या कामाचे मोल नीट जोखलेच पाहिजे.

आमचा संघ ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धेत उतरतो. सामना सुरू होताना रोबो १८ इंचांच्या घनात मावला पाहिजे. पहिले ३० सेकंद तो केवळ आधी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतो आणि पुढची २ मिनिटे मुले तो कंट्रोलरने चालवतात. त्या पहिल्या ३० सेकंदांत रोबो भरकटला, तर मुलांना तो हाताने सावरता येत नाही. त्यामुळे स्पर्धा जवळ आली की प्रोग्रॅम आपणच दुरुस्त करून द्यावा, असा मोह जाणकार मोठ्यांना हमखास होतो. या मॅडमनी तो कटाक्षाने टाळला, आणि माझ्या मते त्यांच्या कामाचे सारे मर्म तेथेच आहे.

हंगामाच्या मध्यावर रोबो सरळ जाण्याऐवजी डावीकडे झुकू लागला. दोन्ही बाजूंच्या मोटरी सारख्याच फिरल्याचे एन्कोडरचे (फेऱ्या मोजणाऱ्या संवेदकाचे) आकडे सांगत होते, म्हणून मुले प्रोग्रॅममधले आकडे पुन्हा पुन्हा बदलत राहिली. मॅडमनी एवढेच विचारले, “एन्कोडर नेमके काय मोजतो, चाक की मोटर?” मग त्यांनी मुलांना शाफ्ट (मोटरने फिरणारा दांडा) आणि त्यावरचा हब (चाक दांड्याला जोडणारा भाग) यांना जोडणारी एक सरळ रेघ मार्करने काढायला सांगितली. रोबो दोन-चार वेळा पळवल्यावर डाव्या चाकापाशी त्या रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले. हब आवळून धरणारा बारीक स्क्रू ढिला झाला होता. मोटर पूर्ण फिरत होती, चाक मात्र मागे राहत होते. स्क्रू मुलांनीच काढला, त्यावर थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावून पुन्हा बसवला आणि निरीक्षण वहीत आकृतीसह नोंदवले. या सगळ्यात एक पूर्ण संध्याकाळ गेली. मॅडमनी स्वतः पाना हाती घेतला असता, तर काम काही मिनिटांत उरकले असते, हे खरे. पण तेव्हापासून प्रत्येक शाफ्टवर अशी रेघ काढण्याची पद्धत मुलांनी स्वतःहून पाडली आहे.

पुढच्या एका स्पर्धेला मॅडमना कार्यालयीन कामामुळे येता आले नाही. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत एक मोटर बंद पडली, तेव्हा मुलांनी आधी बॅटरी, मग जोडण्या आणि शेवटी प्रोग्रॅम, या ठरलेल्या क्रमाने शोध घेतला आणि निसटलेली वायर हुडकून काढली. हा शोध सांगत होती माझी मुलगी, जी हंगामाच्या आरंभी बैठकीत तोंड उघडत नसे. बोलक्या मुलांनी उत्तर देण्याआधी इतरांना संधी देण्याची मॅडमची शिस्त तिला फार उपयोगी पडली आहे, आणि त्याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

उणिवाही आहेत. नोकरीमुळे त्यांचे उत्तर कधी दोन दिवसांनी येते आणि तोवर काम अडून राहते. परीक्षकांना द्यायच्या पोर्टफोलिओकडे, म्हणजे संघाच्या कामाच्या लेखी आढाव्याकडे, त्यांचे लक्ष कमी असते. मुखपृष्ठ वगळता १५ पानांची मर्यादा असलेल्या त्या दस्तऐवजात काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे मुलांना अगदी अखेरीस घाईने ठरवावे लागले. शिवाय मुलांनीच सारे करायचे म्हटल्यावर रोबो साधा राहतो. केवळ पदकांच्या अपेक्षेने येणाऱ्या पालकांना ही पद्धत संथ वाटेल.

तरीही, ज्यांना मुलांनी स्वतः यंत्र समजून घ्यावे असे वाटते, त्यांनी असा मार्गदर्शक मिळत असेल तर निःशंकपणे स्वीकारावा. मात्र लेखनाची बाजू सांभाळणारी दुसरी व्यक्ती हंगामाच्या पहिल्या आठवड्यापासूनच सोबत घ्यावी. आमच्या संघाने तसा शोध सुरू केला आहे. मॅडम पुढच्या हंगामालाही येणार आहेत. नव्या मुलांना वायरिंग जुन्या मुलांनीच शिकवायचे, ही त्यांची अट संघाने आनंदाने मान्य केली आहे.