नऊ महिने स्पॅरो वॉलेट: एका आकड्याने केलेली फजिती

फोंड्याला घरच्या जुन्या लॅपटॉपवर बिटकॉइन सांभाळायचं स्पॅरो वॉलेट हे ॲप टाकून नऊ महिने झाले. दिसायला बरं आहे, चालतंही बरं. मला बोलायचंय ते व्यवहाराच्या प्रत्येक इनपुटमध्ये, म्हणजे खर्च होणाऱ्या नाण्याच्या नोंदीत, असणाऱ्या चार बाइटच्या 'सिक्वेन्स' आकड्याबद्दल. आधीच्या ॲपमध्ये तो दिसायचाच नाही.

जूनमध्ये, धो धो पावसात लाइट जा-ये करत असताना, घाईघाईत फी अगदीच कमी टाकली. व्यवहार दोन दिवस अडकला. राइट क्लिक करून फी वाढवली, पुन्हा सही केली, सुटला. सिक्वेन्स ४२९४९६७२९३ होता. हा किंवा याहून लहान आकडा म्हणजे 'व्यवहार बदलू शकतो' अशी खूण. हाच आकडा ९३ऐवजी ९४ वर संपला तर खूण नाही, पण लॉकटाइम, म्हणजे 'अमुक वेळेआधी हा व्यवहार घेऊ नका' ही अट, चालतो. सगळ्या इनपुटांवर ९५ असेल तर लॉकटाइममध्ये काहीही भरा, नेटवर्क ढुंकूनही बघत नाही. तसं ऑक्टोबर २०२४ च्या बिटकॉइन कोअर २८.० या सॉफ्टवेअरपासून नोड (नेटवर्क चालवणारे संगणक) खूण नसलेला व्यवहारही मुळातच बदलू देतो. तेव्हा खूण नाही म्हणून कन्फर्मेशनआधी, म्हणजे ब्लॉकमध्ये (व्यवहारांच्या गठ्ठ्यात) नोंद होण्याआधी, माल देऊ नका.

फजिती झाली ती लॉकटाइमपायी. धाकट्या भावाला चवथीची भेट म्हणून त्या दिवशी सकाळी दहाचा लॉकटाइम घालून सही केलेली फाइल जुलैतच पेन ड्राइव्हवर दिली. चवथीला आरती आटोपून साडेदहाला त्याने ती नेटवर्कवर पाठवली, तर उत्तर आलं 'नॉन-फायनल', म्हणजे अजून वेळ झाली नाही. मी ऐटीत समजावलं, की वेळ घड्याळावर नाही, शेवटच्या ११ ब्लॉकांच्या मधल्या वेळेवर मोजतात, तासभर मागे असते. तासाभराने पुन्हा पाठवली, तर 'इनपुट सापडत नाही किंवा खर्च झालंय'. ऑगस्टमध्ये एक बिल भरताना वॉलेटने नेमकं तेच नाणं उचललं होतं!

"दादा, चेक बाउन्स!" गणपतीवरच्या माटोळीखाली सगळे हसले.

चूक माझीच. लॉकटाइम फाइल अडवतो, नाणं नाही. नाणं फ्रीज करायची सोय स्पॅरोत आहे, पण तीही फक्त आपल्याच वॉलेटपुरती. नाणंच बांधायचं तर अट पत्त्याच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे नाणं खर्च करायच्या नियमांत, हवी.

नाणं कन्फर्म झाल्यापासून मोजणारं कुलूपही याच सिक्वेन्स आकड्यात बसतं, व्यवहार आवृत्ती २ चा असला की. ब्लॉकांत मोजा किंवा ५१२ सेकंदांच्या टप्प्यांत. ६५५३५ ब्लॉक म्हणजे साधारण सव्वा वर्ष. मी १४४ ब्लॉकांवर करून पाहिलं, दिवसभराने बरोबर सुटलं.

भावाला नवी फाइल दिलीय. या वेळी नाणं फ्रीज आहे, तरी तो दर रविवारी फोन करून विचारतो.